बिल्टीवरची किंमत आणि मोटारीचे मोल

पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली फियाट ११०० ही मोटार महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ या नावाने ओळखली जाते. पुढच्या बाजूच्या फुगीर तोंडावरून पडलेल्या या नावात थोडा उपहास असला, तरी ज्यांच्या घरी ती होती त्यांनी ते नेहमी कौतुकानेच उच्चारले. आमच्या एका स्नेह्यांकडे अशी १९५८ सालची मोटार आहे. त्यांचे वडील निफाड भागात वैद्यकीय व्यवसाय करीत आणि रात्रीअपरात्री खेड्यांतून रुग्ण पाहण्यासाठी ती हाकीत असत. निवृत्तीनंतर स्नेह्यांनी मुलीकडे बंगळूरुला स्थायिक व्हायचे ठरविले, तेव्हा घरातले बरेच सामान विकले; मोटार मात्र बरोबर न्यायची, हा निश्चय होता. पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली जे नियम केले, त्यांनुसार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेले वाहन नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. एवढ्या लांब ती हाकीत नेण्याची तिची आणि मालकाची, दोघांचीही उमर राहिलेली नव्हती. तेव्हा मालमोटारीतून पाठविणे ओघानेच आले.

पाचव्या दिवशी रात्री दहा वाजता मोटार पोहोचली. डावे मडगार्ड आत दबलेले, पुढची जाळी मोडलेली, काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा. वाटेत बांधणीचे पट्टे सुटले असावेत. चालकाला पुढे जाण्याची घाई होती. त्याने कागद पुढे केला आणि आमच्या स्नेह्यांनी दिव्याच्या अंधुक उजेडात सही केली. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे त्यावर छापलेले होते, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी वाचले.

दुरुस्तीचा अंदाज निघाला ३ लाख ४० हजार रुपये. वाहतूकदाराने आधी ‘ओनर्स रिस्क’ हा बिल्टीवरील शिक्का दाखविला आणि मग, मोठे मन करून, फार तर ४९ हजारांचा विचार करू असे कळविले. हा ४९ हजारांचा आकडा आला कोठून? तो स्नेह्यांनी स्वतःच दिला होता. बुकिंगच्या वेळी कारकून म्हणाला होता, “साहेब, पन्नास हजारांच्या वर किंमत टाकली की ई-वे बिलाची भानगड. एकोणपन्नास टाकतो.” गाडीची किंमत खरोखर किती, हे त्याने विचारले नाही, आणि यांनीही सांगितले नाही.

हे प्रकरण एका हौशी गृहस्थाच्या दुर्दैवाचे आहे, असे समजून बाजूला ठेवण्याजोगे नाही. रस्त्यावरील मालवाहतुकीचा आपला कायदा नुकसानीची वाटणी कशी करतो, हे त्यातून फार स्पष्ट दिसते.

सार्वजनिक वाहतूकदाराची जबाबदारी मुळात कडक आहे. रस्त्यांवर लुटारूंचा सुळसुळाट होता आणि गाडीवान त्यांना सामील असण्याचा संभव होता, त्या काळात इंग्लंडच्या न्यायालयांनी हे तत्त्व घडविले: माल हरवला वा मोडला तर वाहतूकदाराने भरून द्यावे, चूक कोणाची, हे सिद्ध करण्याचे ओझे मालधन्यावर नको. ट्रकच्या बंद दरवाजाआड काय घडले हे पाठविणाऱ्याला कळणार कसे, हा त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे. १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टने हे तत्त्व भारतात आणले. त्याची जागा घेणाऱ्या २००७ च्या कॅरेज बाय रोड ॲक्टनेही (तो १ मार्च २०११ पासून अमलात आला) ते कायम ठेवले. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती यांसारखे मोजके अपवाद सोडले, तर वाहतूकदाराला निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही एवढे म्हणून सुटता येत नाही. आगीत नष्ट झालेल्या जनित्रसंचांच्या बिर्ला यामाहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हेच तत्त्व ग्राहक न्यायमंचांपुढील तक्रारींनाही लागू असल्याचे सांगितले. ‘ओनर्स रिस्क’ या शिक्क्याचा दरारा व्यवहारात जेवढा आहे, तेवढा न्यायालयात नाही.

अडचण जबाबदारी आहे की नाही, ही नसून ती किती रुपयांची, ही आहे. २००७ च्या कायद्याने आणि त्याखालील २०११ च्या नियमांनी वाहतूकदाराच्या देण्याला मर्यादा घातली आहे: भाड्याच्या दहापट. शिवाय ही रक्कम, माल पाठविताना जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक असता कामा नये. आमच्या स्नेह्यांनी भाडे दिले २४ हजार रुपये. दहापटीच्या हिशेबाने २ लाख ४० हजार झाले असते. तेही नुकसानीपेक्षा लाखाने कमीच. परंतु जाहीर किमतीने तेवढीही मजल मारू दिली नाही. पाठविणाऱ्याने जादा जोखमीचा दर देण्याचे स्पष्टपणे कबूल केले असेल, तरच ही मर्यादा उठते. तसा दर त्यांना कोणी सांगितला नव्हता.

आता अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून एक गोष्ट मला प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मर्यादा असणे हे मुळात अन्यायाचे नाही. लासलगावहून कांद्याची पोती नेणारा वाहतूकदार आणि लाखो रुपयांची जुनी मोटार नेणारा वाहतूकदार एकच असतो. मोटारीची अज्ञात जोखीम त्याच्यावर पूर्णपणे टाकली, तर तो ती सगळ्यांच्या भाड्यात मिसळणार. म्हणजे संग्राहकाच्या हौसेचा विमा कांदेवाल्याने भरायचा. ज्याला मालाचे विशेष मोल ठाऊक आहे त्याने ते सांगावे आणि त्याचा आकार द्यावा, हेच रास्त. १८५४ सालच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल या विख्यात खटल्यात, ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा मोडलेला दांडा पोहोचविण्यास वाहतूकदाराने उशीर केला. गिरणी बंद राहिल्याचा तोटा मात्र मालकाला मिळाला नाही, कारण दांड्यावाचून गिरणी बंद पडते हे वाहतूकदाराला कळविले नव्हते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातील कलम ७३ हे याच विचाराचे अपत्य आहे. तेव्हा ‘सांगा आणि मोजा’ या तत्त्वाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते सांगण्याची संधी कोणाला आणि कशी मिळते, याविषयी.

त्याआधी या मोलाचा थोडा विचार करू, कारण येथे साधी गणिते फसतात. बाजारात दररोज विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत बाजार सांगतो. १९५८ च्या फियाटचे वर्षाकाठी किती व्यवहार होतात? जे होतात ते ओळखीपाळखीतून, आणि प्रत्येक गाडीची अवस्था निराळी. अशा विरळ बाजारात ‘किंमत’ हा एक आकडा नसून पट्टा असतो. मालक ज्या रकमेला ती विकायला तयार होईल, ती या पट्ट्याच्याही वर असते. पण वडिलांच्या आठवणीचे पैसे कोणताही वाहतूकदार देणार नाही, आणि त्याने द्यावेत असे मी म्हणणारही नाही. मात्र मूळ पत्र्याचे, मूळ काचेचे, कारखान्यातून आलेल्या जाळीचे मोल ही भावनेची बाब नव्हे. बदललेल्या भागांची गाडी कमी भावाने जाते, हे या क्षेत्रातील प्रत्येक खरेदीदार जाणतो. दुरुस्ती उत्तम झाली तरी हा तोटा उरतो आणि दुरुस्तीच्या बिलात तो कोठेच दिसत नाही.

विम्याच्या पद्धतीत तर याच्या नेमके उलट घडते. आपल्या प्रमाणित मोटार पॉलिसीत रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेताना होणारे नुकसान अंतर्भूत असते, ही पुष्कळांना ठाऊक नसलेली सोय आहे. पण दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, कारण जुना भाग म्हणजे झिजलेला भाग, हे तेथील गृहीत. जुना मडगार्ड हाताने ठोकून पूर्ववत करणारा कारागीर नव्या मडगार्डापेक्षा अधिक मजुरी घेतो, याला त्या तक्त्यात जागा नाही. ठरावीक किमतीची पॉलिसी आपल्याकडे व्हिंटेज मोटारींसाठी मान्य होती, परंतु त्यासाठी गाडी १९४० पूर्वीची असावी लागे. स्नेह्यांकडे मात्र केवळ थर्ड पार्टी विमा होता. गाडी फारशी रस्त्यावर येतच नाही, मग हप्ता कशाला, असा त्यांचा हिशेब. काटकसर कोठे करू नये याचे हे उदाहरण मी पुढील वर्षी वर्गात देणार आहे. त्यांनी परवानगी दिली आहे.

आता पुन्हा बुकिंगच्या खिडकीशी येऊ. जादा जोखमीचा दर घ्यावयाचा तर वाहतूकदाराने त्या दराची सूचना आपल्या कार्यालयात इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत लावलेली असली पाहिजे, असे कायदा सांगतो. म्हणजे मराठी फलकाची कल्पना कायद्यात आहे. १८६५ पासून आहे. गेल्या दोन महिन्यांत मी नाशिकमधील नऊ वाहतूक कार्यालयांत सहज डोकावलो. देवदेवतांच्या तसबिरी, भाड्याचे तक्ते, ‘उधारी बंद’ची पाटी हे सर्व आढळले, हा फलक एकाही ठिकाणी नव्हता.

का नसावा? उत्तर कायद्याच्या रचनेतच आहे. फलक लावला नाही तर वाहतूकदार काय गमावतो? जादा दर आकारण्याचा हक्क, बस्स. दहापटीची मर्यादा त्याला तरीही मिळतेच. ज्याला अधिक जोखीम नकोच आहे, त्याच्या दृष्टीने न लावलेला फलक हेच सर्वांत स्वस्त संरक्षण ठरते. ग्राहकाला पर्याय कळत नाही, कळत नाही म्हणून तो मागत नाही, आणि मागितला नाही म्हणून त्याचा हक्क मर्यादित राहतो.

१८३० च्या मूळ इंग्लिश कॅरिअर्स ॲक्टमध्ये ही फट नव्हती, हे विशेष आहे. त्या कायद्यानेही जवाहिर, काच, चिनी मातीची भांडी, चित्रे अशा मौल्यवान वस्तूंसाठी, त्यांचे मोल दहा पौंडांवर असेल आणि ते जाहीर केलेले नसेल, तर वाहतूकदाराला संरक्षण दिले होते. परंतु जादा दराची सूचना त्याने कार्यालयात ठळकपणे लावलेली नसेल, तर कायद्याचा कोणताच लाभ त्याला मिळणार नाही आणि त्याची जबाबदारी पूर्वीइतकीच अमर्याद राहील, असे तेथे स्वच्छ म्हटले होते. आपण अट उचलली आणि अटीची शिक्षा मागे ठेवली. २००७ साली नवा कायदा करताना ती परत आणण्याची संधी होती, तीही गेली.

दुरुस्ती एका वाक्याची आहे: जादा जोखमीचा दर राज्याच्या भाषेत जाहीर केलेला नसेल आणि पाठविणाऱ्याच्या हाती लेखी ठेवलेला नसेल, तर दहापटीची मर्यादा लागू होऊ नये. यामुळे छोटे वाहतूकदार बुडतील, असा आक्षेप येईल. तो मला पटत नाही. फलक रंगविण्याचा खर्च नगण्य आहे, आणि जो तो लावील त्याची मर्यादा अबाधितच राहील. अतिशयोक्त किंमत सांगून पुढे खोटे दावे केले जातील, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. पण चढी किंमत सांगणाऱ्याला त्याच प्रमाणात आकार द्यावा लागतो, आणि नुकसान प्रत्यक्ष किती हे त्यानंतरही त्यालाच सिद्ध करावे लागते.

न्यायालये ही उणीव भरून काढतील, या भरवशावर राहता येणार नाही. १९९६ साली एका कुरिअर कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पावतीवर सही केलेल्या ग्राहकाला तीवर छापलेली १०० डॉलरची मर्यादा बंधनकारक मानली. ट्रक आमचा नव्हता, आम्ही केवळ दलाल, ही सबब मात्र चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत बुकिंग कंपनी आणि दलालही येतात. मुदतीचे एक कलम तर वाचकांनी लक्षात ठेवावेच: नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. हे दिवस माल हाती पडल्यापासून मोजायचे नाहीत.

आमच्या स्नेह्यांनी नोटीस मुदतीत दिली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तेथे दाद मागता येते, आणि जिल्हा आयोगाची कक्षा मोजताना नुकसानीची रक्कम न पाहता दिलेला मोबदला पाहिला जातो. त्यामुळे बंगळूरुच्या जिल्हा आयोगापुढे तक्रार दाखल झाली आहे. ४९ हजारांचा आकडा कारकुनाच्या हस्ताक्षरातला आहे आणि जादा दर कधी सांगितलाच गेला नाही, एवढ्या दोन गोष्टींवर त्यांच्या वकिलांची भिस्त आहे. रात्री केलेली ती सही त्यांच्याविरुद्ध जाते. शिवाजीनगर भागातील एक वृद्ध डेंटर मडगार्ड ठोकून द्यायला तयार आहे, पण वकिलांनी ते काम थांबविले आहे. तोच पुरावा आहे. तोवर मोटार मुलीच्या इमारतीच्या तळघरात, ताडपत्रीखाली, दबलेले तोंड घेऊन उभी आहे.