चिमा काय कामाची?

गणिताशी माझे जुने वैर. दहावीला कसाबसा पैलतीर गाठला आणि मराठीच्या आश्रयाला आलो. आता हिंगोलीत मुलांना अलंकार आणि वृत्ते शिकवतो. तेव्हा गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर नववीतल्या आमच्या कन्येने सहामाहीचा गणिताचा पेपर सहीसाठी पुढे केला आणि त्यावर २९ गुण दिसले, तरी रागावण्याचा मला खरे तर अधिकार नव्हता. मी रागावलो. कारण वहीच्या मागच्या पानांवर बाईसाहेबांचे निराळेच गणित चालले होते. ११ गुणिले ११, १२१. १११ गुणिले १११, १२३२१. असा रांगोळीसारखा रुंदावत गेलेला त्रिकोण, आणि तळाशी १२३४५६७८९८७६५४३२१!

“हे परीक्षेत येणार आहे? उपयोग काय याचा?”

“काही नाही. पण उलटीकडून वाचा ना, बाबा.”

वाचले, आणि चपापलो. वर्गात दरवर्षी मी फळ्यावर ‘चिमा काय कामाची’ लिहून उलटे वाचायला लावतो. तेथे ऱ्हस्वदीर्घाकडे जरा काणाडोळा करावा लागतो. येथे सतरा अंकांत तेवढीही सवलत नको. लीलावतीतल्या नावांनी एकं, दहं, शतं करीत चढलो, तो सतरावे स्थान निघाले ‘मध्य’. परार्ध एकच पायरी वर!

हे होते कसे, ते तिने मला समजावले. १११११११११ ला त्याच संख्येने गुणायचे. एकाने गुणणे म्हणजे तीच ओळ पुन्हा लिहिणे, फक्त एकेक घर सरकवून. अशा नऊ ओळी झाल्या की उभी बेरीज कडेला एक, मग दोन, तीन, मधल्या रांगेत नऊ, आणि पुन्हा उतरत एक. हातचा कोठेच नाही.

“आणि दहा एक घेतले तर?”

“मध्ये दहा होतात, हातचा येतो, सगळे मोडते.” तेही तिने करून ठेवले होते: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ बेपत्ता!

या खेळाला थोर कुलपुरुष आहे, हे मला मागाहून कळले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणू. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. ज्या स्थानकावर त्या सुचल्या त्याचे हे नाव. तेच आजचे डोंबिवली, असे सांगतात. आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना हा पोरखेळ वाटला. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा मास्तरांचे नाव जगभर झाले. (आपल्या माणसाची ओळख आपल्याला टपालाने परदेशातून यावी, हे काही नवे नाही.)

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती संख्या ‘हर्षद’, हेही नामकरण कापरेकरांचेच. हा शब्द कानी पडताच मी सावरून बसलो, आनंद देणारी! आमच्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. कन्येने भागाकार मांडला. उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. आणि हे उत्तर म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. पुन्हा आठ गायब!

“ते सगळे खरे, पण २९ चे काय?” मी मूळपदावर आलो.

“तुमची चिमा तरी काय कामाची, बाबा?”

त्या रात्रीपासून करार झाला: अर्धा तास पुस्तकातले गणित, मग अर्धा तास तिचे. वार्षिक परीक्षेत ती सुटली, इतकेच सांगतो. लक्ष्मीपूजनाला मात्र दारात नऊ ओळींचा तो त्रिकोण रांगोळीने उमटला होता. शेजारच्या काकू दिवा घेऊन आल्या, वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढा लांब फोन नंबर कुणाचा गं?”