७२० गुणांत न मावणारे प्रश्न

‘नीट’चा निकाल लागला की जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत फलक लागतात. मुलाचा फोटो, त्याखाली गुण आणि त्याहून मोठ्या अक्षरांत शुभेच्छुकांची नावे. मग शाल, ट्रॉफी, भाषणे. भाषणांत एकच वाक्य फिरत असते: कौमला डॉक्टर पाहिजेत. या आनंदाबद्दल माझी तक्रार नाही. पॉवरलूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या बापाची मुलगी एमबीबीएसला लागली तर तिचे कौतुक व्हायलाच हवे. माझी तक्रार त्या अर्धवट वाक्याबद्दल आहे. डॉक्टर कशासाठी पाहिजेत, ते कुणी बोलत नाही.

आपण तयारी कशाला म्हणतो? १८० प्रश्न, ७२० गुण. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत भेटते. प्रश्नपत्रिका उर्दूतून मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे २०१८ पासून ती मिळू लागली. पण चांगल्या शिकवण्या, पुस्तके, सराव परीक्षा काही तिच्यामागून चालत आल्या नाहीत. ज्याची ऐपत आहे तो लातूरला नाहीतर कोट्याला जातो. ज्याची नाही तो आपली हुशारी कमी पडली असे समजून गप्प बसतो. विषमता दारातच उभी आहे आणि आपण तिला नशीब म्हणतो.

आजाराबाबतही आपली हीच सवय. पोरीचे रक्त कमी निघाले की ‘नीट जेवत नाही’ म्हणून तिलाच बोल लावायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्या बायका एकाच वेळी बेफिकीर कशा होतील? २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तेव्हा ‘हे लोक लस घेत नाहीत’ एवढे बोलून अनेकांनी विषय मिटवला. लस नाकारणारी घरे होती, ते लपवण्यात अर्थ नाही. पण एका खोलीत राहणारी सात-आठ माणसे, कुपोषित मुले, करोनाच्या काळात चुकलेले डोस, हीसुद्धा त्या साथीचीच कारणे. सातपुड्याच्या पट्ट्यात, यावल-चोपडा-शिरपूरकडे, सिकलसेल आहे. तो आईबापांकडून रक्तात येतो, हे जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. दुखण्याने कळवळणारे पोर दवाखान्यात केव्हा पोहोचते, ते मात्र रस्ता, एसटी आणि बुडणारी मजुरी ठरवते. ते पुस्तकात नाही.

डॉक्टर झाले की विषमता संपते, या भाबड्या समजुतीला उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे, आणि त्याची किंमत फार मोठी होती. जळगावची डॉ. पायल तडवी तडवी भिल्ल समाजातली, म्हणजे आदिवासी आणि मुसलमानही. मुंबईच्या नायर रुग्णालयात ती स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आयुष्य संपवले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टरांवर झाला. त्याचा निवाडा न्यायालय करील. तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी कॅम्पसमधल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

मला आपल्या बाजूचे विचारायचे आहे. ‘आमच्यात जात नाही’ म्हणणारे आपण तडवींना किती आपले मानतो? शब्बीर अन्सारींची मुस्लिम ओबीसी चळवळ वर्षानुवर्षे सांगत आली की धर्मात नसलेली जात समाजात आहे. मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी दाखला काढताना जात सांगतात आणि आपले पुढारी व्यासपीठावर ती नाकारतात. मग वसतिगृहात पोरीला जात ऐकवली जाते तेव्हा तिने घरी काय सांगायचे? त्यासाठी शब्दच आपण तिला दिलेला नसतो.

‘आधी गुण मिळू द्या, बाकीचे कॉलेजात शिकतील,’ असे मला सांगतात. कॉलेजात सामाजिक वैद्यकशास्त्र आहे, विद्यार्थ्यांनी कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आहे. पण ज्याने कधी हा प्रश्नच ऐकला नाही, त्याच्यासाठी ते सह्या गोळा करायचे जर्नल उरते. क्षयाच्या रुग्णाने गोळ्या मध्येच सोडल्या तर तो ओरडतो. रुग्णाची पाळी कोणती, सुट्टी घेतली तर मजुरी कापतात का, हे विचारायचे त्याला सुचत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. फलकांचा आणि शालींचा पैसा आठवीपासूनच्या मुलांना इंग्रजीतून विज्ञान झेपावे म्हणून चालणाऱ्या अभ्यासिकेवर खर्च करा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याहून जुने. तयारी करणाऱ्या मुलांना सुट्ट्यांत तिथल्या रांगेत उभे करा. केसपेपर काढायला, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे जमवायला लोकांना मदत करू द्या. कोण उशिरा येते आणि का, ते त्यांना तिथेच कळेल.

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाले की एक वर्षाची सेवा असते. तिला आपण ‘बॉन्ड’ म्हणतो आणि कर्जासारखी फेडून मोकळे होऊ पाहतो. कौमला डॉक्टर पाहिजेत म्हणणाऱ्यांनी पोरांना निदान एवढे सांगावे, की यावल-शिरपूरच्या आरोग्य केंद्रातले ते वर्ष शिक्षा समजू नका. तुम्ही डॉक्टर कोणासाठी झालात, ते तिथे ठरेल.