चार बटणे आणि एक मत

निवडणूक जवळ आली की सरकारला प्राध्यापकांची आठवण होते आणि आमच्या मित्रमंडळींना पनवेलच्या ‘कला’ची. “काय हो, यंदा कल कुणीकडे?” असे विचारणारा इसम उत्तर घेऊनच आलेला असतो. वडाळे तळ्याच्या काठी बसून मी आजवर इतके कल ऐकले आहेत की, ते सगळे खरे ठरते तर गावाला निदान तीन आमदार मिळते.

जुन्या पनवेलचे राजकारण समजायला मोठी विद्वत्ता लागत नसे. नगरपालिका १८५२ सालची, त्यामुळे मत मागायची आणि मत नाकारायची सवय इथल्या आळ्यांना पुरातन. तालुक्यात मात्र लाल बावटा. दि. बा. पाटील पाच वेळा इथून विधानसभेवर गेले. २००९ पर्यंत पनवेलचा आमदार म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, हे जणू गृहीतच असे. त्याचे कारण पुस्तकात नव्हते, जमिनीत होते. सिडकोने नव्या मुंबईसाठी शेते घेतली तेव्हा भाव आणि विकसित भूखंड मागायला लोक रस्त्यावर आले. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात दोन दिवस गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. ज्या घरात तो भूखंड आला, त्या घराचा कल विचारायला कुणी जात नसे.

मग त्याच भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि गंमत इथे सुरू होते. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे साताऱ्याचे, कोकणातले, मुंबईच्या चाळींतले आणि थेट उत्तर हिंदुस्थानातले लोक राहायला आले. ज्यांच्या लढ्यामुळे हे भूखंड मिळाले, त्यांचा झेंडा या नव्या मतदारांच्या ओळखीचा नव्हता. त्यांना नळाला पाणी हवे होते, मुंबईची लोकल वेळेवर हवी होती. त्यात काही चूक नाही. मीही त्यांच्यातलाच एक भाडेकरू म्हणून आलो. परंतु शेकापचा कल मोडला तो केवळ वसाहतींनी, असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. रामशेठ ठाकूर १९९८ व १९९९ साली शेकापचेच खासदार होते. त्यांचे चिरंजीव प्रशांत ठाकूर २००९ साली काँग्रेसचे आमदार झाले आणि २०१४ साली भारतीय जनता पक्षाचे. पक्ष बदलले, पण त्यांच्या मागची अनेक घरे तीच राहिली. आमच्याकडे पुष्कळांचा कल पक्षाकडे नसतो, दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे असतो. (लोकसभेचे म्हणाल, तर २००९ पासून आम्ही मावळात मोडतो, खासदाराचे दार बोरघाट चढून गेल्यावर लागते, त्यामुळे तिथे हा नियम चालवणे जरा दमवणारे आहे.)

महानगरपालिका २०१६ च्या ऑक्टोबरात झाली आणि पहिली निवडणूक २४ मे २०१७ ला. निकाल सर्वांना ठाऊक आहे: ७८ जागांपैकी भाजप ५१, शेकाप २३, काँग्रेस आणि राष्ट्रवादी दोन-दोन. या आकड्यांवरून आमच्या कट्ट्यावर पुष्कळ तत्त्वज्ञान झाले. त्यात मी फारसा भाग घेतला नाही. त्याला कारण एक आजोबा.

त्या दिवशी, भर सुट्टीत, मी सिडकोच्या एका वसाहतीतल्या शाळेत केंद्राध्यक्ष होतो. आजोबा सत्तरीच्या पुढचे, डोक्याला टोपी, शेजारच्या गावठाणातले. ही शाळा त्यांच्या भाताच्या खाचरावर उभी आहे, हे त्यांनी रांगेतच सर्वांना सांगून ठेवले होते. मागच्या दोघांनी मोबाइलमधून डोके वर काढून ‘हो का?’ म्हटले. आता या निवडणुकीत प्रभाग चार जणांचा. मतदाराने चार जागांसाठी चार बटणे दाबायची, पसंत कुणीच नसेल तर ‘वरीलपैकी नाही’ हे बटण दाबायचे. चारही पुरी होईपर्यंत यंत्र शेवटची शिटी देत नाही. आजोबांनी एक बटण दाबले आणि ते बाहेर निघाले.

मी त्यांना थांबवले. नियमाप्रमाणे मला आत डोकावता येत नव्हते, आणि त्यांना तसे सोडताही येत नव्हते.

“आजोबा, अजून तीन मते राहिलीत.”

“मी एकाच मतासाठी आयलू.”

मी पुन्हा समजावले. रांग कुरकुरू लागली. एका बाईंनी ऑफिसची वेळ सांगितली, एका तरुणाने “अहो, द्या ना कुणालाही” असा सल्ला दिला. आजोबांनी त्या तरुणाकडे नीट पाहिले, परत आत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागून तीन आवाज इतके भराभर आले की, वाचायला म्हणून काही वेळच उरला नसावा. लांब शिटी झाली.

बाहेर पडताना ते माझ्या टेबलाशी थांबले. पहिले मत कुणाला, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नसते. एवढेच म्हणाले, “ऱ्हायलेली तीन तुमच्या लायनीला दिली, मास्तर.”

संध्याकाळी यंत्रे मोहोरबंद करून मी हिशेबाचा कागद भरला. आजोबांची चारही मते त्यात धरलेली होती.