राष्ट्रपती 'आपला' म्हणजे कोणाचा?

धर्म, जात आणि भाषा यांनी दुभंगलेल्या या देशात प्रत्येक गटाला राष्ट्रपती आपल्यातला हवा असतो. २००७ साली शिवसेनेने युती बाजूला ठेवून 'मराठी' म्हणून प्रतिभाताई पाटलांना मते दिली. २०१२ साली पी. ए. संगमा प्रणव मुखर्जींकडून पराभूत झाले, तेव्हा 'आपला कॅथोलिक माणूस हुकला' म्हणून आपणही हळहळलो. ही हळहळ आम्हांस मान्य नाही.

संगमांच्या पाठीशी भाजप आणि बिजू जनता दल हे पक्ष होते. २००८ साली कंधमालमध्ये आपल्या बांधवांची घरे जळाली, तेव्हा ओरिसात सत्ता याच दोघांची होती. एवढे विसरून 'आपला' म्हणायचे?

आमच्या दलित ख्रिस्ती कुटुंबांचे दुखणे राष्ट्रपतींच्याच १९५० च्या आदेशात आहे. त्याने अनुसूचित जातींचे हक्क धर्माशी बांधले. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत आले. ख्रिस्ती मात्र दाराबाहेरच राहिले. तो आदेश बदलणे संसदेच्या हाती आहे. संगमा निवडून आले असते, तरी त्यांना त्यातील एक शब्दही खोडता आला नसता!

राष्ट्रपतीच्या हाती असते ते निराळेच. १९९७ साली के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस मंत्रिमंडळाकडे फेरविचारार्थ परत धाडली, आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. राष्ट्रपती निवडतात आमदार-खासदार. सोलापुरात ते मते मागायला दारी येतील, तेव्हा उमेदवाराचा धर्म कशाला विचारावा? असा कागद तो परत धाडील काय, हे विचारावे. आणि खासदारांना १९५० च्या आदेशाविषयीही.