विद्यापीठाचे भूषण कोण?

विद्यापीठांनी आपल्या नामवंत पदवीधरांच्या नामावळ्या प्रसिद्ध कराव्यात, ही प्रथा चांगलीच आहे. तथापि कुलगुरू, संचालक, मंत्री, सनदी अधिकारी या क्रमाने रचलेली नामावळी वाचताना असे वाटते की येथे कार्याची नव्हे, तर पदांची गणना झाली आहे. आमच्या पिढीतील बहुसंख्य वैद्यांच्या पदवीपत्रावर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मुद्रा आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातून आजवर हजारो बी.ए.एम.एस. पदवीधर बाहेर पडले. त्यांतील भूषणावह कोणास म्हणावे, हा प्रश्न आपल्या संघटनेच्या व्यासपीठावरही सत्काराच्या निमित्ताने वारंवार येतो. त्याचे उत्तर शोधण्यास महाड-पोलादपूर परिसराइतके योग्य स्थळ आम्हांस दुसरे दिसत नाही.

मुंबई विद्यापीठाचे १९१२ सालचे बी.ए. असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी प्राशन करते झाले. महाड तालुक्यातील नाते येथे १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत प्रथम आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पदवी मात्र त्यांनी केंब्रिजला घेतली. म्हणजे नियमावर बोट ठेवले, तर रिझर्व्ह बँकेचे हे पहिले भारतीय गव्हर्नर मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांच्या यादीत बसतच नाहीत! पण महाडकर जनता त्यांना स्मरते ती पदांमुळे तेवढी नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपदाचा त्याग केला, म्हणून. पदवी दोघांनाही विद्यापीठाने दिली. थोरवी मात्र पदवीच्या पलीकडे जाऊन त्यांनी स्वतः संपादन केली.

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव या भागातील कोणत्याही वैद्यास किंवा औषध विक्रेत्यास अपरिचित नाही. जालना जिल्ह्यातील खेड्यात जन्मलेले हे गृहस्थ नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले, पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाले. दोन्ही शासकीय महाविद्यालये, दोन्ही राज्य विद्यापीठांच्या पदव्या. १९७६ च्या सुमारास ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने कोकणात धडधाकट माणसे आणि मुले दगावत होती. प्रयोगशाळा नव्हती, अतिदक्षता विभाग नव्हता. या वैद्याने रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या. घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, नाडीची गती काय, रक्तदाब केव्हा चढला, फुप्फुसांत पाणी केव्हा भरले, हे सारे त्यांनी टिपून ठेवले.

या नोंदींतून निघालेला लेख १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. विषामुळे शरीरातील कॅटेकोलामाइन द्रव्यांचा अकस्मात उद्रेक होतो आणि हृदयावर असह्य भार येतो, हे ध्यानी घेऊन उच्च रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी दंशाच्या रुग्णांना दिले. त्याचे निष्कर्ष १९८६ साली त्याच नियतकालिकात आले. तीव्र लक्षणे असलेल्या रुग्णांत पूर्वी शेकडा पंचवीस ते तीस असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडच्याच ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. म्हणजे स्वतःच नावारूपास आणलेला उपचार अपुरा ठरू शकतो काय, हेही त्यांनी स्वतःच तपासले आणि छापून सांगितले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु ती मिळाली नसती, तरी आमच्या मते ते विद्यापीठाचे भूषणच ठरले असते.

कोणी व्यवसायबंधू म्हणतील, हे आधुनिक वैद्यकाचे उदाहरण. आपल्या त्रैमासिकात त्याचे प्रयोजन काय? प्रयोजन आहे. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या आठव्या अध्यायात विंचवांचे मंद, मध्य आणि महाविष असे तीन वर्ग करून एकूण तीस प्रकार सांगितले आहेत. दंशामागून दिसणारी लक्षणे त्यांनी वर्गवार दिली आणि महाविष वर्गात प्राणनाशाचा इशाराही दिला. हे लेखन कोणाच्या तरी प्रत्यक्ष निरीक्षणावाचून झाले असेल काय? निरीक्षण आणि नोंद हा आपल्याच परंपरेचा वारसा आहे. तो बिरवाडीत एका एम.बी.बी.एस. वैद्याने चालविला आणि आपण संहितांची पारायणे करीत राहिलो, हे कटू असले तरी सत्य आहे.

याउलट उदाहरण डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या १८५१ सालच्या पहिल्या तुकडीतील हे विद्वान. आयुर्वेदीय द्रव्यांची कसोटी आधुनिक दृष्टीने घ्यावी, हा विचार त्यांनी त्या काळी आचरणात आणला आणि कुष्ठरोगावर कडू कवठाचे प्रयोग केले. परंतु उपचाराची कृती त्यांनी गुप्त राखली आणि १८७४ साली ते निवर्तले. त्यांच्या बुद्धीविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि जे ज्ञान लिहून ठेवले गेले नाही, ते वैद्याबरोबरच चितेवर जाते, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे. आपल्यांतील किती घराण्यांचे पाठ, किती अनुभविक योग असेच नाहीसे झाले असतील, याचा ज्याने त्याने विचार करावा.

बी.ए.एम.एस. पदवीधरांत एक न्यूनगंड घर करून असतो. फलकावर पदवी कशी लिहावी, कोणत्या औषधाचा अधिकार आहे वा नाही, यांवर आपल्या सभांचा बराचसा वेळ खर्च होतो. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु पोलादपूरच्या दऱ्याखोऱ्यांतील वाडीवर दंश झालेला रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दारी येतो. तो किती वाजता आला, दंश होऊन किती वेळ झाला होता, घाम होता काय, त्यास केव्हा पुढे पाठविले आणि त्याचे पुढे काय झाले, हे आपल्यांपैकी किती जणांच्या दप्तरी सापडेल? पदवीची प्रतिष्ठा फलकावरील अक्षरांनी नव्हे, तर या दप्तराने वाढेल.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, संघटनेने विंचू व सर्पदंशासाठी एक पानाचे छापील रुग्णपत्रक तयार करून प्रत्येक सभासदास द्यावे आणि भरलेल्या पत्रकांचा गोषवारा, रुग्णांची नावे वगळून, याच त्रैमासिकात प्रतिवर्षी छापावा. लेप लावून वाट पाहण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो. म्हणून घाम, गार हातपाय वा धाप दिसताच रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे, ही सूचना त्याच पत्रकाच्या शिरोभागी ठळक अक्षरांत असावी. दुसरी, औषधी दुकानदार बंधूंनी विकलेल्या योगाचा गट क्रमांक आणि ग्राहकाने सांगितलेला विपरीत परिणाम नोंदवावा. आयुष औषधांच्या दक्षतेची केंद्रीय योजना २०१८ पासून कार्यरत आहे. तिला आपल्या गावांतून माहिती गेली नाही, तर दोष योजनेचा नव्हे. तिसरी, संघटनेचा वार्षिक सत्कार पदावर नव्हे, तर अशा नोंदवहीवर ठरावा. ज्याने दहा वर्षे प्रामाणिकपणे, अपयशासह, नोंदी ठेवल्या, त्याच्या गळ्यात पहिला हार पडावा.

वेळ नाही, ही सबब आम्हांस मान्य नाही. बिरवाडीच्या केंद्रातही रुग्णांची रांग कमी नव्हती. विद्यापीठ आपणांस पदवी देते ते एका दिवसात. विद्यापीठास आपण काय देतो, याचा हिशेब मात्र आयुष्यभराचा असतो. तो हिशेब कोऱ्या पानांचा राहू नये, एवढीच विनंती. इत्यलम्.