वेंगुर्ल्याचे नवे पाहुणे

मे महिन्याच्या सुटींत कोंकणांत जाऊन आलेल्या मंडळींकडून वेंगुर्ल्याविषयीं दोन प्रकारचे अभिप्राय ऐकूं येतात. पहिला असा कीं, समुद्र फार सुंदर, परंतु उतरावयास मोठीं हॉटेलें थोडीं आणि दिवेलागणीनंतर करमणुकीचें साधन कांहींच नाहीं. दुसरा असा कीं, गांव अद्याप शांत आहे, म्हणून त्याचें नांव कोणाजवळ काढूं नका. नाहीं तर त्याचेंही कळंगूट होईल. पहिल्या मताचे लोक संख्येनें अधिक, दुसऱ्या मताचे लोक स्वतःला अधिक रसिक समजणारे. मला दोन्ही मतें सारखींच अप्पलपोटीं वाटतात. एकाला गांव आपल्या सोयीसाठीं बदलावयास हवें, दुसऱ्याला तें आपल्या सुखासाठीं जसेंच्या तसें राहावयास हवें. तेथें बारा महिने राहणाऱ्या माणसांना काय हवें, हें दोघांपैकीं एकानेंही विचारलेलें नसतें.

आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं वेंगुर्लें पाहिलें नाहीं, त्यांच्यासाठीं चार शब्द सांगतों. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाकडे, गोव्याच्या अलीकडे हें तालुक्याचें गांव आहे. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनावर उतरून मोटारीनें तांबड्या मातीच्या चढउतारांतून, काजूच्या व आंब्याच्या बागांमधून तेथें जावें लागतें. बंदराजवळच्या टेकडीवर दीपगृह आहे. खालीं मच्छीमारांच्या होड्या लागतात. उभादांड्याच्या बाजूस सागरेश्वराचें देऊळ आणि त्यापुढें लांबच लांब पांढरी वाळू. ओहोटीच्या वेळीं या वाळूवर पाण्याचा पातळ थर राहतो आणि त्यांत सुरूच्या झाडांचीं प्रतिबिंबें पडतात. पुष्कळ वेळां त्या साऱ्या किनाऱ्यावर आपण आणि खेकडे यांवांचून दुसरें कोणी नसतें.

परंतु ही शांतता या गांवाला निसर्गानें दिली आहे असें कोणी समजूं नये. सतराव्या शतकांत येथें डच व्यापाऱ्यांची वखार होती. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. पुढें इंग्रजी अमलांत घाटमाथ्यावरचा माल, विशेषतः बेळगांवकडचा कापूस, घाटवाटांनीं उतरून वेंगुर्ल्याच्या बंदरांत येई व तेथून गलबतांनीं मुंबईस जाई. ज्या गांवांत आज दुपारीं रस्त्यावर कुत्रेंही आळसानें उठत नाहीं, त्या गांवांत एके काळीं गाड्यांच्या रांगा लागत. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्मागोव्यापर्यंत लोहमार्ग झाला. घाटावरचा माल त्या वाटेनें जाऊं लागला आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. बंदर होतें तेथेंच राहिलें, समुद्रही तोच राहिला. केवळ वाट बदलली. वाटेवरच्या गिऱ्हाइकावर पोट ठेवणाऱ्या गांवाची ही गोष्ट शाळेच्या इतिहासांत शिकवीत नाहींत, तरी शिकविण्यासारखी आहे.

गांव तगलें तें जमिनीच्या व समुद्राच्या आधारावर. येथें १९५७ सालीं फळसंशोधन केंद्र स्थापन झालें, आणि तेथें तयार झालेल्या काजूच्या जातींनीं वेंगुर्ल्याचें नांव दूरदूरच्या डोंगरउतारांवर पोहोंचविलें. 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' हीं नांवें काजूच्या बागाइतदारांच्या तोंडीं असतात. त्यांतल्या कित्येकांनीं वेंगुर्ल्याचा समुद्र पाहिलेलाही नसेल. मासळी, आंबा, काजू आणि मुंबईच्या चाकरमान्यांची मनीऑर्डर, एवढ्यावर कित्येक पिढ्यांचे संसार झाले.

आतां वाट पुन्हां या दिशेला वळली आहे. १९९७ सालीं सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाली. आणि ऑक्टोबर २०२१ मध्यें याच तालुक्यांतील चिपी येथें विमानतळाचें उद्घाटन झालें. मालवण आणि तारकर्ली येथें गर्दी झाली कीं पाहुणा दक्षिणेकडे सरकतो. तो येणारच. त्याला अडविण्याची गोष्ट व्यर्थ आहे, आणि अन्यायाचीही आहे. कारण मुलगा मुंबईस न धाडतां घरीं ठेवतां येईल अशी आशा ज्या आईला वाटते, तिला आपण कोणत्या तोंडानें 'तुमची शांतता राखा' म्हणून सांगावें? प्रश्न एवढाच कीं, पाहुण्याचें यजमानपण कोणाकडे राहणार.

याचें एक उत्तर मांडवीच्या खाडींत पाहावयास मिळतें. तेथील मच्छीमार कुटुंबांतील स्त्रियांच्या 'स्वामिनी' या बचत गटानें २०१७ सालापासून कांदळवनांतून होडीची सफर सुरू केली. होडीस इंजिन नाहीं; वल्हें स्त्रियाच मारतात. कालवें आणि तिसऱ्या गोळा करण्याच्या निमित्तानें मच्छीमार स्त्रियांची अशा खाड्यांशीं जन्माची ओळख असते. चिखलांतून बोटांसारखीं वर आलेलीं मुळें दाखवून त्या सांगतात कीं, झाड यांनीं श्वास घेतें, कारण चिखलांत हवा नसते. कांदळाचें बीज झाडावर असतांनाच रुजतें, त्याला लांब कोंब फुटतो आणि मग तें खालीं सुटून चिखलांत रोवलें जातें. या मुळांच्या जाळ्यांत कोळंबीचीं व माशांचीं पिल्लें वाढतात, म्हणून कांदळवन तोडलें कीं जाळें रिकामें येतें. हें सारें आम्ही पाठ्यपुस्तकांत वाचतों व परीक्षेनंतर विसरतों. वल्ह्याच्या संथ तालावर, मालवणी बोलींत ऐकलें असतां तें विसरणें कठीण जातें. येथें पाहुण्याचा पैसा ज्या हातांत पडतो, त्या हातांना खाडी जिवंत राहण्याची गरज आहे. मोठ्या हॉटेलाच्या मालकाला ती तितकी नसते. एक किनारा बिघडला तर तो दुसरा पाहतो.

कोणी म्हणेल, दोनचार होड्यांनीं आणि घरगुती खानावळींनीं तालुक्याचें दारिद्र्य कसें जाणार? आक्षेप खरा आहे. एकट्या त्यांनीं तें जाणार नाहीं. परंतु दुसऱ्या वाटेचा हिशेब करून पाहा. किनाऱ्यावरची माडाची वाडी बाहेरच्या धनिकास विकली कीं पैसा एकदांच येतो. त्यांतून घर दुरुस्त होतें, मुलीचें लग्न होतें, आणि ज्या जमिनीवर आजा यजमान होता तिच्या फाटकापाशीं नातू पहारेकरी म्हणून उभा राहतो. शिवाय पाणी! येथें वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, पण जांभ्या दगडांतून तो झिरपून समुद्रास मिळतो. एप्रिल-मे महिन्यांत विहिरींचा तळ दिसूं लागतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत पाहुण्यांची रीघ असते. वाडीच्या विहिरींतून चार घागरी शेंदणाऱ्या घराशेजारीं शंभर खोल्यांचीं स्नानगृहें आलीं, तर घागर कोणाची रिकामी राहील हें सांगावयास गणित नको. किनाऱ्याचेंही तसेंच. रापण ओढणाऱ्या माणसांना वाळूचा मोकळा पट्टा लागतो. तेथें छत्र्या व खुर्च्या मांडल्या कीं रापणकर हा 'अडथळा' ठरतो.

गांव आपला कारभार नीट चालवूं शकतें, याचा पुरावा वेंगुर्ल्यानें दिलेला आहे. २०१५ नंतरच्या वर्षांत येथील नगरपरिषदेनें घरोघरचा कचरा निवडून घेण्यास आरंभ केला. ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत, प्लास्टिकाचा चुरा रस्त्याच्या डांबरांत, आणि जेथें पूर्वीं घाणीचे ढीग होते तेथें बाग. इतर गांवांचे लोक ती जागा मुद्दाम पाहावयास येऊं लागले. जगांत उकिरडा पाहावयास पाहुणे यावेत अशीं गांवें किती असतील? आतां अशा गांवांत जाऊन चालत्या मोटारींतून वेफर्सच्या पिशव्या भिरकावणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांविषयीं येथें लिहिणें शाळेच्या अंकास शोभणार नाहीं, म्हणून लिहीत नाहीं.

समुद्रांत, निवतीच्या समोर, वेंगुर्ल्याचे खडक आहेत. तेथील गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेचीं घरटीं बांधतात. परदेशांत या घरट्यांचें सूप चवीनें पितात व त्याला मोठी किंमत देतात. त्या लोभानें येथील घरटीं चोरून नेल्याचे प्रकार घडले आणि पहारा ठेवण्याची पाळी आली. आतां त्याच खडकांच्या बाजूस नौदलांतून निवृत्त झालेली 'गुलदार' नौका समुद्रतळीं ठेवून पाहुण्यांना दाखविण्याची योजना पुढें आली आहे. योजना वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. पण ती पाहावयास येणाऱ्यांच्या होड्या कोण हांकणार, आणि त्या किती असाव्यात हें कोण ठरविणार, हीं दोन उत्तरें मच्छीमारांना आधीं मिळालीं पाहिजेत.

येत्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण आईवडिलांबरोबर तिकडे जातीलच. पालकांना विनंती अशी कीं, शक्य तर एखाद्या घरींच उतरावें, ताटांत येईल ती मासळी खावी व आंघोळीस एक बादली पाणी पुरवावें. मुलांनीं खाडींत जाण्यापूर्वीं निघण्याची वेळ आधीं विचारून घ्यावी. होडी भरती-ओहोटी पाहून निघते, आणि ती वेळ रोज पाऊण तासाहून अधिक पुढें सरकते.