आवाज आहे, चित्र नाही

जपानच्या सेगा कंपनीने १९९० साली ‘गेम गिअर’ नावाचा हातात धरून खेळायचा रंगीत व्हिडिओ गेम बाजारात आणला. तो आज कुणाच्या माळ्यावरून खाली आला आणि चालू करून पाहिला, तर बहुधा एकच अनुभव येतो. सहा पेन्सिल सेल घातले, बटण सरकवले, लाल दिवाही लागला. पडदा मात्र काळा. यंत्र तिरके धरले तर कधी अंधुक आकृत्या हलताना दिसतात. पस्तीस वर्षांचे यंत्र, गेले बिचारे, असे म्हणून ते भंगारात जाते. खरे तर त्यातला मेंदू, म्हणजे प्रोसेसर, बहुतेक वेळा ठणठणीत असतो. निकामी झालेले असतात ते काही रुपयांना मिळणारे सुटे भाग.

या दुरुस्तीची पहिली पायरी डॉक्टरच्या तपासणीसारखी आहे. दिवा लागतो का? मग वीज आत शिरते आहे. आवाज येतो का? मग प्रोसेसर चालू आहे, तो खेळाचा प्रोग्राम वाचतो आहे आणि बिघाड फक्त चित्राच्या वाटेवर आहे. पडद्यामागचा उजेड गेला आहे की चित्राचा संकेतच पोहोचत नाही, हे विजेरीचा झोत तिरका मारून कळते. दिवा आहे पण आवाज नाही, चित्रही नाही, अशा वेळी मल्टिमीटर काढून चिपपर्यंत पाच व्होल्ट पोहोचतात की नाही ते पाहायचे. एवढ्या चार प्रश्नांत निम्मे निदान होते. दुरुस्तीला वेळ लागतो तो पुढे.

गेम गिअरच्या बाबतीत संशयित जवळपास ठरलेला आहे : कपॅसिटर. घरातला पंखा रखडत फिरू लागला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर बदला’ म्हणतो, त्याच कुळातला हा छोटा भाऊबंद. वीज क्षणभर साठवायची आणि गरजेप्रमाणे सोडायची, म्हणजे विजेच्या दाबातले चढउतार गुळगुळीत करायचे, हे त्याचे काम. त्याच्या ॲल्युमिनियमच्या डबीत धातूचे दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात आणि त्यांच्या मधल्या कागदात वीजवाहक द्रव भिजवलेला असतो. हा द्रवच कपॅसिटरचे आयुष्य ठरवतो. तो हळूहळू सुकतो किंवा खालच्या रबरी बुचातून झिरपतो. उष्णता जितकी जास्त तितके हे लवकर घडते. तापमान दहा अंशांनी कमी झाले तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बोर्डावर थेट चिकटणारे अगदी छोटे कपॅसिटर आले. त्यांपैकी अनेकांची बुचे आतल्या रसायनापुढे टिकली नाहीत. गेम गिअर नेमका त्या काळातला. त्याच्या आत तीन बोर्ड आहेत आणि तिन्हींवर कपॅसिटर.

झिरपलेला द्रव नुसता वाया जात नाही, तो बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा कुरतडतो. जुन्या बोर्डाला सोल्डरिंगचे तापलेले टोक लागले की कुजलेल्या माशासारखा वास येतो, तो याच द्रवाचा. अनुभवी कारागीर नाकानेच निदान करतात ते असे. पेटीत नीट गुंडाळून ठेवलेले, कधीही न वापरलेले यंत्रही यातून सुटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या पहिल्या ‘एक्सबॉक्स’मध्ये घड्याळ चालू ठेवण्यासाठी बसवलेला एक कपॅसिटर असाच गळतो आणि शेजारच्या रेघा खातो. त्याच्याशिवाय खेळात काहीही अडत नाही, म्हणून तो काढून टाकणे हाच तिथला इलाज.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात घरोघरी आला तो व्हिडिओ गेम वेगळा. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची ती नक्कल होती; मारिओ, कॉन्ट्रा आणि ‘इतक्या गेम एकात’ असे छापलेल्या कॅसेटी. चित्र आले नाही की कॅसेट काढायची, तोंडाने फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. चित्र यायचेही, पण ते फुंकरीमुळे नव्हे. काढ-घाल करताना धातूच्या पट्ट्यांवरचा मळ घासला जायचा आणि स्पर्श नीट व्हायचा. श्वासातल्या ओलाव्याने उलट त्या पट्ट्या गंजतात. निन्टेन्डोनेच फुंकर मारू नका असे सांगून ठेवले आहे. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या पुसणे हा साधा उपाय आहे, आणि बरीच ‘बंद’ यंत्रे एवढ्यानेच सुरू होतात.

हे सगळे घरी करायचे तर काही पथ्ये आहेत. त्या काळच्या सोल्डरमध्ये शिसे असते. युरोपात त्यावर निर्बंध आले ते १ जुलै २००६ पासून. शिसे मुख्यतः हातांवाटे पोटात जाते, म्हणून काम करताना खाणेपिणे नको आणि नंतर हात साबणाने धुवायचे. सोल्डर वितळताना उठणारा धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो. पण त्या धुराने दमा होऊ शकतो. खिडकी उघडी आणि पंख्याची दिशा बाहेरच्या बाजूला हवी. गेम गिअरचा पडदा उजळणाऱ्या नळीत थोडा पारा असतो, ती फोडायची नाही. गेमसोबत जुना डबा टीव्ही असेल तर तो उघडण्याचा मोह टाळावा. त्याच्या काचेच्या नळीवर बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

बिघाड एवढा साधा असेल तर यंत्रे दुरुस्त का होत नाहीत? इथे प्रश्न रसायनशास्त्राचा राहत नाही, कायद्याचा होतो. गेल्या काही वर्षांत ‘दुरुस्तीचा हक्क’ देणारे कायदे झाले. कंपन्यांनी सुटे भाग, हत्यारे आणि माहिती ग्राहकाला व बाहेरच्या कारागिरालाही द्यावी, असा त्यांचा गाभा. अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, आणि दोन्हींतून व्हिडिओ गेम कन्सोल नाव घेऊन वगळले आहेत. यंत्र उघडून दिले तर खेळांची चोरी होईल, हा उद्योगाचा युक्तिवाद. दुरुस्तीवरच्या बंधनांसाठी कंपन्या देतात त्या कारणांना फारसा पुरावा नाही, असे अमेरिकेच्याच व्यापार आयोगाने मे २०२१ मधल्या अहवालात म्हटले होते. हा अहवाल एकट्या कन्सोलपुरता नव्हता. तरीही विधिमंडळांनी सूट दिली, यात पुराव्यापेक्षा दबावाचा वाटा मोठा दिसतो.

आजच्या काही कन्सोलमध्ये डिस्क ड्राइव्ह मूळ बोर्डाशी सॉफ्टवेअरने जोडलेला असतो. त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह आणून लावला तरी बोर्ड त्याला ओळखत नाही. हे कुलूप उघडणे हाच अमेरिकेत कॉपीराइट कायद्याचा भंग ठरत होता. २०२१ मध्ये त्यातून दुरुस्तीसाठी सूट मिळाली, तीही केवळ डिस्क ड्राइव्हपुरती. युरोपीय संघाचा २०२४ सालचा निर्देश सदस्य देशांनी ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. त्याच्या यादीत कपडे धुण्याचे यंत्र, फ्रिज, मोबाइल, अगदी वेल्डिंगचे यंत्रही आहे. कन्सोल नाही.

भारतातले चित्र आणखी विचित्र. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेम आणि हातात धरायचे कन्सोल स्पष्ट नोंदवलेले आहेत. म्हणजे कचरा म्हणून सरकारने त्यांची दखल घेतली. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखायला घेतली, तेव्हा मात्र शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. वस्तू किती सहज दुरुस्त होते हे गुणांनी सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून आहे. मोबाइल प्रत्येक खिशात आहे, तेव्हा हा क्रम चुकीचा म्हणता येत नाही. पण जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. असे असताना एखादी वस्तू कचऱ्याच्या यादीत घालायची आणि दुरुस्तीच्या यादीत नाही, याचे समर्थन अवघड आहे.

कन्सोल गेले की सोबत खेळही जातात. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ च्या पाहणीत दाखवले. ते रीतसर खेळायचे तर जुनी कॅसेट आणि चालू स्थितीतले यंत्र लागते.

निर्देशांकासारख्या मोजपट्टीत वस्तू किती सहज उघडते, हत्यारे कोणती लागतात, सुटे भाग मिळतात का, असे प्रश्न असतात. ते गेम गिअरला विचारले तर उत्तर बरे येते. एक वेगळ्या डोक्याचा स्क्रू सोडला तर साध्या स्क्रूड्रायव्हरने तो उघडतो. त्याच्या प्रत्येक कपॅसिटरवर मूल्य आणि व्होल्ट छापलेले आहेत, आणि त्या मूल्याचा नवा कपॅसिटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही मिळतो.